विजयमालाबाईंवर उगवलेला सूड

१० फेब्रुवारी २०२५
आज अर्जाची प्रत हातात पडली. आर्किटेक्ट म्हणून नेवाशात मी आखलेलं हे चौथं शॉपिंग सेंटर, आणि आजवर कुणी ब्र काढला नव्हता. आता ह्या विजयमालाबाई! ब्लाउज शिवतात, व्हीलचेअरवर असतात, गाळा नंबर सात बुक केलाय. नगरपंचायतीत लिहून दिलं, की रॅम्प इतका उभा आहे की चढणं सोडा, उतरणंही जिवावरचं. माझा रॅम्प! मी स्वतः स्कूटर चढवून पाहिलाय. एका दमात चढली. रॅम्प असतो कशाला? रात्री दुकानदाराला गाडी आत घ्यायला.
यंदा कोनशिलेवर माझं नाव यायचंय. आधीच्या तिन्ही ठिकाणी मालकांच्या सासऱ्यांची आली.
संकल्प: शांत राहणे. सूड घेणे.

११ फेब्रुवारी, सकाळी
शांत राहणं जमलं नाही. काकासाहेबांना फोन करून ओरडलो. ते म्हणाले, बाईचं बराबर हाय, नगरपंचायतीचा दाखला अडकला तर अक्षय तृतीयेचं उद्घाटन बोंबलंल, तवा रॅम्प बदला. सेंटरचा मालकच फितूर.

१२ फेब्रुवारी
नियम वाचले. एक फूट चढायला बारा फूट रॅम्प. आपलं जोतं तीन फुटांचं, म्हणजे छत्तीस फूट! शिवाय मध्ये सपाट टप्पा, दोन्हीकडे कठडे. नेमकं तिथेच माझं कारंजं होतं. आईला चित्र दाखवलं होतं, छान आहे म्हणाली होती. अर्थात ती पाहायला येणार नाहीच. माझ्या एकाही सेंटरला आली नाही. तिला खरेदीची आवडच नाही.

१४ फेब्रुवारी
सुचला! सूड सुचला! नियम हवेत ना? घ्या. सगळे घ्या. रॅम्प छत्तीस नाही, चाळीस फूट. दारं रुंद, उंबरे गायब, काउंटर बुटके, संडास व्हीलचेअर गरकन फिरेल एवढा. दिसायला भिकार होणार आणि दुकानदार शिव्या घालणार. त्या मला बसू नयेत म्हणून नकाशावर ठळक लिहिलं, ‘संकल्पना: विजयमाला’. माझं नाव खाली, मुंगीएवढं. कोनशिलेचा मजकूरही नकाशावरूनच घ्या, असं काकासाहेबांना दोनदा बजावलं. बसा म्हणावं जन्मभर बोलणी खात.

२० मार्च
बाईंना साइटवर बोलावलं. केलेला प्रकार पाहून खजील होतील असा हिशेब. झाल्या नाहीत. कठडा दोन इंच खाली घ्या म्हणाल्या. घेतला, पण रागाने. मग एकट्या रॅम्प चढून गेल्या, वर चहा मागवला, भाऊ तुमी बी घ्या म्हणाल्या. मी नाही म्हटलं. अर्धा कपच घेतला.

७ एप्रिल
काहीतरी चुकतंय. सगळे गाळे विकले गेले. किराणावाला खूश, पोत्यांची हातगाडी थेट आत जाते म्हणे. समोरच्या दवाखान्याचे डॉक्टर येऊन उताराचं माप घेऊन गेले. काकासाहेब म्हणाले, लई डोकं चालवलं बाईनं.
बाईनं!

२४ एप्रिल
संकल्प: नाव परत मिळवणे. काकासाहेबांना गाठलं. दगड कोरून तयार. मुंगीएवढी अक्षरं ग्रॅनाइटवर उठत नाहीत, म्हणून कारागिराने सोडून दिली. दुसरा दगड करा म्हटलं, तर म्हणाले, तुमीच दोनदा बजावलं हुतं.
हरकत नाही. उद्घाटनाला माईक हिसकावून सगळं उघडं पाडणार. भाषण चार पानी.

३० एप्रिल, अक्षय तृतीया
भाषण खिशात घेऊन माईकपर्यंत सरकलो होतो. तेवढ्यात रॅम्पवर आई दिसली. कठडा धरून, टप्प्यावर थांबून, पुन्हा चालत. हात द्यायला धावलो, तर नको म्हणाली.
वर येऊन तिने एकेक गाळा पाहिला. सात नंबरात ब्लाउजचं माप दिलं. तासभर हिंडली. मग मला म्हणाली, तुझ्या आधीच्या तिन्ही सेंटरांपाशी रिक्षाने येऊन गेले रे, पण गुडघ्यांना पायऱ्या झेपेनात, खालूनच बघून परत फिरले. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. आणि हे कुणाच्या डोक्यातून आलं?
भाषण खिशातच राहू दिलं. दगडाकडे बोट दाखवलं.
आईने विजयमालाबाईंचे दोन्ही हात हातात घेतले. मग माझी ओळख करून दिली. म्हणाली, हा माझा मुलगा, असलीच कामं करतो, यालाही थोडं शिकवा.
बाईंनी सोमवारी अकराला बोलावलंय. टेप आपली आपण आणायची.