हिला पुसून मगच

३ मार्च, सोमवार

पाणी भरून झालं होतं, दूध वर आलं होतं, केर काढून सुपली अजून हातातच होती, आणि सासूबाई आतून म्हणाल्या, ‘मामंजींना पुसून ये गं.’

तेव्हा मला या घरात येऊन चार दिवस झालेले. मी सुपली ठेवली, फडकं ओलं करून पिळलं आणि मामंजींपुढे जाऊन उभी राहिले. ते वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी फडक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘काय गं?’

‘पुसायला सांगितलंय.’

‘काय पुसायला?’

‘तुम्हाला.’

दाराआड हे हसून हसून खाली बसले! या घरात पुसणं म्हणजे विचारणं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सासूबाईंना एवढंच हवं होतं, की चहा आत्ता की अंघोळीनंतर. आमच्याकडे फळा पुसतात, लादी पुसतात, डोळे पुसतात. माणसाला विचारतात.

पुढे सदतीस वर्षं ह्यांना मला काही विचारायचं असलं की आधी म्हणायचे, ‘फडकं आणू का?’

आज हे आठवायचं कारण म्हणजे लेकीचा फोन. ‘आई, बाबांची पुढची खोली या आठवड्यात रिकामी कर. शनिवारी टेम्पो येतोय जुनं सगळं न्यायला. पण डिस्क पुसल्याशिवाय एकही देऊ नकोस हं!’

मला सांगते! वीस वर्षं त्या खोलीत चहा नेऊन देत होते मी. कचेऱ्यांचे, दवाखान्यांचे, शाळांचे जुने कॉम्प्युटर यायचे, आणि त्यांच्या पोटातलं पुसून देणं हाच ह्यांचा धंदा होता. ‘डिस्क’ हा शब्द लेकीच्या आधी मला येत होता.

खोलीत जाऊन आले. हे जाऊन सोळा महिने झाले. ह्यांची कामाची चाकांची खुर्ची अजून खिडकीकडे तोंड करून आहे. मी तिला वळवत नाही.

४ मार्च, मंगळवार

वन्सं आल्या. ह्यांची थोरली बहीण. तीस वर्षं एका कचेरीचे कॉम्प्युटर सांभाळून निवृत्त झाल्या, आणि अजून आवाज तोच, हाताखाली पंधरा माणसं असल्यासारखा. दारातूनच म्हणाल्या, ‘कुठाय रुग्ण?’

कपाटातून, टेबलाखालून, बुटांच्या खोक्यातून मिळून अकरा डिस्क निघाल्या. प्रत्येकीवर ह्यांची पांढरी चिकटपट्टी आणि बारीक अक्षर. ‘दातांचा दवाखाना. पुसायची.’ ‘वकील. पुसायची.’ ‘शाळा, मागचं ऑफिस. पुसायची.’ माणूस गेला आणि कामं अशी रांगेत बसून राहिली.

वन्सं मला समजावायला लागल्या, की नुसतं डिलीट केलं म्हणजे जात नाही. मी म्हटलं, ‘वन्सं, मला ठाऊक आहे. अनुक्रमणिका फाडली म्हणून पुस्तक संपत नाही. पानं असतातच. प्रत्येक पानावर दुसरं काहीतरी गिरवलं, तरच पहिलं जातं.’

वन्सं चष्म्यावरून बघत राहिल्या. ‘हे कुणी शिकवलं?’

‘तुमच्या भावानं. भाजी चिरताना.’

‘आणि तुला कळलं?’

‘भाजीला तरी कुठे कळत होतं? पण मी ऐकत होते.’

पहिली लावली. पडद्यावर आकडा चढत जातो, एक टक्का, दोन टक्के. आत सगळीकडे शून्यं लिहिली जातात म्हणे. दातांच्या दवाखान्याला अडीच तास लागले. वन्सं मधेच झोपल्या आणि उठून म्हणाल्या, ‘मी डोळे मिटून लक्ष ठेवत होते.’

ह्यांचा नियम होता: वाचायचं नाही. पाचवी होऊन शाळा सुटल्यापासून मी पुड्यांचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, मग वाचनालयातली कपाटंच्या कपाटं वाचलेली बाई. माझ्यासमोर रोज शेकडो माणसांची पत्रं जायची, आणि एक ओळ बघू द्यायचे नाहीत. मी म्हणायची, ‘एकच! वकिलाचं एखादं.’ हे म्हणायचे, ‘ज्याचं आहे त्याचं. त्यानं पुसायला सांगितलं की पुसायचं. आणि ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय ते सुद्धा नाही.’

सोन्यासारखा माणूस, पण सोबतीला अगदी रुक्ष!

५ मार्च, बुधवार

तीन झाल्या. उरल्या आठ.

आकडा चढेपर्यंत काम नसतं, म्हणून ही वही घेऊन बसले आहे. तर एकदा लिहूनच टाकते. या वहीशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

लेक दहावीला होती, एकोणीस वर्षं झाली त्याला. तिची पुस्तकं मी तिच्याआधी वाचून संपवायची. गणितसुद्धा. एक दिवस वाटलं, आपणही बसावं. बाहेरून बसता येतं, चौकशी करून आले होते. पण तोंडानं सांगवेना. चाळिशीची बाई, लेकीबरोबर परीक्षा! लोक काय, लेकच हसली असती.

तेव्हा घरातल्या कॉम्प्युटरवर हे मला टाइप करायला शिकवत होते. मी एक पान टाइप केलं. सगळं लिहिलं. फाइलला नाव दिलं ‘वाचू नका’, आणि पडद्याच्या अगदी मधोमध ठेवली. आता असं नाव वाचून कोण वाचल्याशिवाय राहील? मी तरी राहिले नसते.

दुसऱ्या दिवशी जेवताना हे म्हणाले, ‘स्क्रीनवर पसारा नको ठेवत जाऊ गं.’

एवढंच. मी ताट उचललं. म्हणजे वाचलं, आणि उत्तर नाही असं आहे. पसारा!

मी पुन्हा ती फाइल उघडली नाही, पुन्हा तो विषयही काढला नाही. बाकी ह्यांचं सगळं सोडून दिलं मी. ओला टॉवेल, घोरणं, माझ्या माहेरच्यांची नावं चुकवणं, सगळं. हे एक मात्र पोटात राहिलं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात उशाशी बसले होते, तेव्हासुद्धा मनात आलं की आता तरी म्हणावं, ‘अहो, नाही का म्हणालात?’ नाही म्हटलं. आजारी माणसाला काय जाब विचारायचा?

चौथी डिस्क झाली वाटतं. वन्सं हाका मारतायत.

६ मार्च, गुरुवार

एक डिस्क नुसती टकटक करते, चालूच होत नाही. लॅपटॉपमधली, लहानशी. वन्संनी निदान केलं, ‘हिचं डोकं फिरलंय.’ अशी पुसता येत नाही, फोडावीच लागते.

मी ह्यांचा हातोडा आणला. डिस्क गोणपाटात गुंडाळली, वन्संनी पोहायचा चष्मा लावला (कुणाचा, कुठून, देव जाणे) आणि म्हणाल्या, ‘घाल!’ मला वाटलं आत पत्रा असेल. तीन घाव घातल्यावर आतून काचेचा पेला फुटल्यासारखा आवाज! आतली तबकडी काचेचीच होती. वन्सं म्हणाल्या, ‘इतक्या जोरात? भावावरचा राग काढलास की काय?’

मी वाकून काचा गोळा करायला लागले. त्या गमतीनं म्हणाल्या होत्या.

७ मार्च, शुक्रवार

आज शेवटची उरली. हिच्यावर ना दवाखाना, ना वकील. पट्टीवर फक्त तीन शब्द. ‘हिला पुसून मगच.’

वन्सं म्हणाल्या, ‘म्हणजे हिला पुसून मगच बाहेर द्यायची. चल, लाव.’ जोडली, पुसायचा प्रोग्रॅम सुरू केला, पडद्यावर प्रश्न आला, की खरंच पुसायचं का, मग परत येणार नाही. वन्संचं बोट बटणावर.

मी म्हटलं, ‘थांबा.’

‘आता काय?’

‘दहांवर ‘पुसायची’ लिहिलंय. हिच्यावरच ‘हिला’ का?’

‘अगं, शुद्धलेखन तपासतेस होय त्याचं? माणूस गेला, आता किती मार्क द्यायचेत?’

‘वन्सं, ह्यांनी डिस्कला कधी ‘हिला’ म्हटलं नाही. या घरात ‘ही’ एकच होती. दारात गिऱ्हाईक आलं की काय म्हणायचे? ‘थांबा, हिला विचारतो.’’

‘मग?’

‘आणि तुमच्या घरात विचारण्याला काय म्हणतात?’

वन्संनी बोट उचललं. हळूच म्हणाल्या, ‘आई म्हणायची तसं. मी तर कचेरीत जाऊन विसरले गं.’

हिला पुसून मगच. म्हणजे मला विचारून मगच.

डिस्क उलटून बघितली. मागे ह्यांच्याच अक्षरात नऊ वर्षांपूर्वीची तारीख. त्या वर्षी घरचा जुना कॉम्प्युटर काढला होता. मला वाटत होतं, तो तेव्हाच पुसून गेला.

वन्सं म्हणाल्या, ‘तुझीच आहे तर उघडू?’ मी म्हटलं, नको. आज नको. तिच्यावर काय आहे ते मला माहीत आहे. एकोणीस वर्षांपूर्वीचं ‘नाही’ पुन्हा कशाला ऐकू?

आणि वर हा माणूस! विचारायचं म्हणून चिकटपट्टी लावतो, आणि नऊ वर्षं विचारत नाही. कपाट ते स्वयंपाकघर, बारा पावलं. फडकं सापडलं नाही वाटतं!

८ मार्च, शनिवार

टेम्पो येऊन गेला. फुटलेलीसकट दहा डिस्क दिल्या, एक ठेवली. लेक फोनवर, ‘आई, अगं एक कशाला?’ मी म्हटलं, माझी आहे. ‘तुझी? तुझी कशी?’ आता हिला काय सांगू!

खोली मोठी दिसते. खुर्ची दिली नाही.

९ मार्च, रविवार

सकाळी वन्संना मीच बोलावलं. त्या येईपर्यंत तीनदा ओटा पुसला.

डिस्क जोडली. पडद्यावर एक पेटी, फोल्डर म्हणतात ती, नाव ‘हिचं’. मी असली पेटी कधी केली नव्हती. तिच्यात माझे टाइपिंगचे धडे, सामानाची यादी, आणि ती फाइल. ‘वाचू नका.’

मी उघडायला सांगणार, तर वन्संनी माझा हात धरला. ‘आधी तारीख, मग फाइल. उघडल्यावर आजचीच तारीख लागेल.’ त्यांनी काहीतरी दाबलं. फाइल शेवटची कधी उघडली, ते येतं म्हणे तिथं. वाचून दाखवलं त्यांनी. मी म्हटलं, पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं.

मी ती टाइप केली, तोच दिवस. तीच वेळ, दुपारची. त्यानंतर कुणीही नाही.

ह्यांनी वाचलंच नव्हतं.

मी लिहिलं ‘वाचू नका’, आणि त्या माणसानं वाचलं नाही! फाइल मधोमध पडलेली बघितली, म्हणून उचलून ‘हिचं’ म्हणून नीट आत ठेवली, आणि जेवताना सांगितलं, पसारा नको. पसारा म्हणजे पसाराच. ह्यांच्या बोलण्याला दुसरा अर्थ कधी होता का, की त्याच दिवशी असेल? दुसरे अर्थ काढायची खोड माझी. वाचणारीची.

आधी हसू आलं. मग इतका राग आला, की खुर्चीला लाथ मारली. चाकांची ती, जाऊन भिंतीला लागली आणि वळून माझ्याकडे तोंड करून थांबली. म्हटलं, ‘अहो, एकदा तरी नियम मोडायचा होता! माझ्यापुरता!’ वन्संनी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवली. शहाणी बाई.

मग फाइल उघडली. एवढंसं पान. लिहिणाऱ्या बाईला ‘परीक्षा’ नीट लिहिता येत नव्हतं, दर वेळी वेगळं लिहिलंय. शेवटची ओळ अशी: ‘तुम्ही बस म्हणालात तर बसेन, नाही म्हणालात तर राग नाही.’

खोटं! एकोणीस वर्षं राग होता. आणि तोही न दिलेल्या उत्तराचा.

वन्सं चहा घेऊन आल्या, पडद्यावरचं वाचलं आणि म्हणाल्या, ‘त्यानं पुसलं नाही, तू सांगितलं नाहीस. बरी जोडी.’ मग कप खाली ठेवून, ‘मी पुसते. बसतेस?’

मी म्हटलं, ‘फडकं कुठाय?’

१० मार्च, सोमवार

पाणी भरलं, दूध तापवलं, केर काढला. वन्संना म्हटलं, आता पुसा ती डिस्क, मला विचारून झालंय. पुसून होईपर्यंत थांबले नाही. चप्पल घातली, शाळेच्या कचेरीत गेले आणि दहावीला बाहेरून बसायचा फॉर्म भरून आले.