मालकांना शांतता आवडते

१ जून
घर मिळालं. अखेर! शांत गल्ली, दोन्ही बाजूंना झाडं, हॉर्न नाही, भांडणं नाहीत. इथली कुत्रीसुद्धा विचार करून भुंकतात. तळमजला आमचा, वर मालक एकटेच. रिटायर्ड इंजिनियर. बायको गेल्यापासून कुणात मिसळत नाहीत म्हणे.
एजंट मालकांच्या काही अपेक्षा सांगायला लागला होता. मी त्याला मध्येच तोडलं. म्हटलं, अशा वस्तीत अपेक्षा एकच असते. शांतता. मला माणसं कळतात. त्याने विचारलं, घरात वयस्कर कोणी? मी ठणकावून सांगितलं, कोणी नाही, आम्ही नवराबायको. त्याचा चेहरा जरा पडला. एवढं स्पष्ट बोलणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नसावं.
करार अकरा महिन्यांचा. पुढे मालकांची मर्जी. संकल्प: अकरा महिन्यांनी मालकांनी स्वतः खाली यावं आणि म्हणावं, तुम्ही जाऊच नका.

३ जून
नानांना बहिणीकडून आणलं. नाना म्हणजे माझे वडील. आयुष्यभर बस स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारल्या. रिटायर झाल्यावर माइक गेला, आवाज राहिला. अजूनही असं बोलतात की टोकाच्या माणसाची गाडी चुकू नये.
फाटकातून आत येताच ओरडले, अरे वा, सावली काय आहे! मालक जिना चढत होते. थबकले. वळले. चक्क चार पायऱ्या उतरून खाली आले आणि नानांकडे डोळे मोठे करून पाहत राहिले. तोंडावर हसू होतं. सुसंस्कृत माणसं रागातही हसतात. मी नानांना दंडाला धरून आत ढकललं, दार लावून घेतलं, मग बाहेर येऊन मालकांना हात जोडले. हळू आवाजात सांगितलं, पाहुणे आहेत, दोन दिवसांत जातील. मालकांनी मान डोलावली. मोठ्या मनाचा माणूस. पण कानाला खडा. असा प्रसंग पुन्हा येता कामा नये.

५ जून, सकाळ
घराला शिस्त लावली. मिक्सर बाथरूममध्ये, गोधडीत गुंडाळून. खुर्च्यांच्या पायांना मोजे. कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद. (भात जरा कच्चा राहतो. चावून खाल्लेलं पचतं.)
नाना मागच्या खोलीत. पाहुणे दोन दिवसांत जातील असं सांगून झाल्यामुळे आता त्यांनी पुढच्या अंगणात दिसणं बरं नाही. मागच्या खिडकीत सकाळी ऊन येतं, तेवढं पुरे. खोकला आला तर उशीत. टीव्ही म्यूटवर. नाना म्हणाले, बातम्या ऐकू कशा यायच्या? मी म्हटलं, खाली अक्षरं येतात. ते म्हणाले, अक्षरं दिसत नाहीत. चष्म्याचा नंबर तपासायला हवा. पुढच्या महिन्यात नक्की.

२२ जून
मालक झाडांना पाणी घालत होते. पाठमोरे. गुड मॉर्निंग म्हटलं. उत्तर नाही. पुन्हा म्हटलं, जास्त अदबीने, म्हणजे जास्त हळू. उत्तर नाही. कालच्या शिट्टीचा राग असणार. ऑफिसला उशीर होत असल्यामुळे हिने गॅस वेळेवर बंद केला नव्हता. संध्याकाळी हिला सुनावलं.

९ जुलै
वरून टीव्हीचा आवाज फार मोठा येतो. आधी नवल वाटलं. मग विचार केला. एवढा शांतताप्रिय माणूस टीव्ही इतका मोठा का लावेल? उघड आहे. खालचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून! म्हणजे आमचा आवाज होतोच आहे. शरमेने मेल्यासारखं झालं. नानांच्या काठीला खालून फडकं बांधलं. घरात चप्पल बंद.

३० जुलै
नाना नियम पाळतात, पण खोडकरपणा जात नाही. आज सकाळी कुजबुजत पुकारा केला: प्रवाशांनी लक्ष द्यावे, चहाची गाडी आज काही कारणास्तव उशिराने सुटेल. ही इतकी हसली की चहा सांडला. दोघांना समोर बसवून समजावलं. हसायला माझी हरकत नाही. पण हसणं म्हणजे खिदळणं नव्हे. नंतर दोघंही माझ्यासमोर हसले नाहीत. चांगलं लक्षण आहे.

१७ ऑगस्ट
ही म्हणते, मालकांना ऐकू येत नसावं. ही दवाखान्यात रिसेप्शनवर बसते, दिवसभर कान गेलेली माणसं पाहते, त्यामुळे हिला सगळं जग बहिरं दिसतं. मी विचारलं, मग ते मान कशी डोलावतात? ती म्हणाली, ऐकू न येणारी माणसं सगळ्यालाच मान डोलावतात. जाऊन विचारते म्हणाली. मी शपथ घातली. भल्या माणसाला त्याच्याच घरात बहिरा म्हणायचं? करार तिथल्या तिथे फाडतील.

४ सप्टेंबर
ऑफिसात लंच टाइममध्ये सगळ्यांना सांगितलं, भाडेकरू म्हणून नाव कसं कमवावं. सगळे जिवाचा कान करून ऐकत होते. शेजारच्या टेबलवाल्याने विचारलं, तुमचे वडील असतात ना तुमच्याकडे? म्हटलं, असतात आणि नसतात. इतकं जमवलंय मी. तो उठून पाणी प्यायला गेला.

११ ऑक्टोबर
आत्याचा फोन आला होता, नानांशी बोलायचं म्हणाली. फोनवर नानांचा आवाज आपोआप चढतो. सांगितलं, झोपलेत. नाना समोरच बसले होते.
चष्म्याचं राहिलंच. बाहेर नेलं तर फाटकातून न्यावं लागेल.

२ नोव्हेंबर
सुधारणा! नाना आता कुजबुजत नाहीत. खुणा करतात. पाणी हवं तर पेला दाखवतात. ही त्यांच्याशी बोलायचा प्रयत्न करते, तर मान हलवतात. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकांना चांगला बदल सहन होत नाही.

८ डिसेंबर
आज मालकांनी माझ्याकडे पाहून हात केला! फाटकापाशी. बोलले मात्र, कोण कुठले, बरं आहे ना, एवढंच, आणि उत्तराची वाट न पाहता गेले. भाव न दाखवणारी माणसं आतून मऊ असतात. नवीन करार आपल्या खिशात आहे असं समजायला हरकत नाही.

१९ जानेवारी
नाना दुपारी बाथरूममध्ये पडले. घरात कोणी नव्हतं. ही संध्याकाळी आली तेव्हा फरशीवरच होते, भिंतीला टेकून. मनगट मोडलंय, बाकी ठीक. हिने विचारलं, नाना, हाक का नाही मारली? समोर शेजाऱ्यांची खिडकी उघडी होती. नानांनी तिला जवळ बोलावलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, मालकांची झोपायची वेळ होती.
मला भरून आलं. इतक्या महिन्यांच्या मेहनतीचं चीज झालं. मी तसं बोलूनही दाखवलं. हिने हातातला ग्लास सिंकमध्ये आपटला. फुटला. मी बराच वेळ कानोसा घेतला, पण वरून काही प्रतिक्रिया आली नाही.
फक्त एक शंका छळते. पडताना धप्प असा आवाज झाला असेल का?

२६ फेब्रुवारी
विचार करून निर्णय घेतला आहे. कराराची वेळ जवळ आली. मालक घर बघायला खाली येणार, सगळ्या खोल्या बघणार. पाहुणा नऊ महिने राहिला असं कोणत्या तोंडाने सांगू? शहराबाहेर वृद्धाश्रम आहे. हवा चांगली, डॉक्टर येतो, भिंतींना ताजा रंग आहे. तात्पुरतं. करार झाला की परत आणायचं. हिला सांगितलं तर म्हणाली, तुम्हीच जा ना तिथे. हा काय विनोद झाला?

१ मार्च
नानांना पोचवलं. स्वतःची पिशवी स्वतः भरली, एका हाताने. वाद नाही, रडारड नाही, ब्र काढला नाही. फाटकातून जाताना मीच भीत होतो, पण पायांचासुद्धा आवाज नाही. मालक वर गॅलरीत होते. वाकून पाहत होते. मी नानांच्या डोक्यावर छत्री उघडली.
येताना ही बसमध्ये माझ्या शेजारी बसली नाही.

१५ मार्च
घर कसं शांत शांत. मिक्सरला गोधडीची गरज उरली नाही, ही मिक्सर लावतच नाही. माझ्याशी बोलतही नाही. सुट्टीच्या दिवशी नानांना भेटायला जाते. मी करार झाल्यावर जाईन. एकदम गोड बातमी घेऊन.

१२ एप्रिल, सकाळ
मालकांची मुलगी परगावाहून आली आहे. काय ते ओरडणं! जिन्यातूनच, बाबा, गोळी घेतली का? शिकलेली बाई, आणि बापाशी असं बोलते. मालकांचे हाल बघवत नाहीत. आपल्या घरात कुणी वडिलांवर आवाज चढवला नाही, याचा अभिमान वाटला.

१२ एप्रिल, संध्याकाळ
ती खाली आली. मी स्वागताची तयारी ठेवली होती. सगळ्या खोल्या दाखवल्या. खुर्च्यांचे मोजे दाखवले. ती गोंधळली. मी सांगितलं, मालकांना शांतता आवडते म्हणून. ती म्हणाली, शांतता? बाबांना दहा वर्षं झाली ऐकू येत नाही. मशीन लावलं आणि समोरचा खणखणीत बोलला तर थोडंफार कळतं. घर भाड्याने दिलं तेच त्यासाठी. एजंटला सांगितलं होतं, घरात मोठ्याने बोलणारं वयस्कर माणूस असेल तर बघा, बाबांशी दोन घटका बोलेल. एजंट म्हणाला, असं कोणी मिळत नाही, सध्या यांना ठेवा, अकरा महिन्यांनी बघू.
मग म्हणाली, पहिल्या आठवड्यात बाबांचा फोनवर नुसता आनंद. खाली एक माणूस आलाय, म्हणाले, त्याचं मला सगळं ऐकू येतं. रोज मशीन लावून अंगणात बसायचे. मग कळवलं, तो गेला बहुतेक.
मालकांना ऐकू येत नाही हे मला पहिल्यापासून जाणवलं होतं. हिनेच नसत्या शंका काढून माझं डोकं फिरवलं.
पण डाव हातचा गेलेला नाही! मी तिथल्या तिथे सांगितलं, तो माणूस म्हणजे माझे वडील. बस स्टँडवरचा आवाज. हवापालटासाठी गेलेत, उद्या हजर करतो. ती म्हणाली, दुसरं एक कुटुंब बघून गेलंय, त्यांच्यात आजी आहेत. पण बाबांना तेच गृहस्थ हवे असतील तर माझी ना नाही.
ही दारात उभी राहून ऐकत होती. माझ्याकडे अशी पाहत होती की मी पाणी प्यायला आत गेलो.

१३ एप्रिल
नानांना आणलं. टॅक्सीने! वाटेत सगळं समजावलं. नियम रद्द. जितकं मोठ्याने बोलता येईल तितकं बोलायचं. नाना खिडकीबाहेर बघत होते.
अंगणात दोन खुर्च्या मांडल्या होत्या. मालकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, कानात मशीन. नानांना पाहताच उभे राहिले, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. मुलगी ओरडून म्हणाली, बाबा, हेच ना ते? मालक मान डोलावत पुढे वाकून बसले. आणि वाट पाहत राहिले.
नानांचे ओठ हलले. आवाज नाही. मी म्हटलं, नाना, जरा मोठ्याने. पुन्हा ओठ हलले. घशातून वाऱ्यासारखं काहीतरी आलं. मी म्हटलं, गाडीचा पुकारा करा, नाना, कुठलीही गाडी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मालकांकडे, आणि गळ्यावर हात ठेवला. ऐन मोक्याला! इतकी वर्षं तोंड मिटत नव्हतं आणि ज्या दिवशी घर त्यावर अवलंबून, त्या दिवशी मुकाट बसले. माझा तोल गेला. ओरडलो, अहो, बोला ना!
मालक दचकले. माझं बोलणं त्यांना ऐकू आलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मुलीला म्हणाले, हा कोण?
मुलीने नानांना पाणी दिलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, आजी असलेल्या कुटुंबाला आज कळवते.

३१ मे
नवीन जागा. मोठ्या रस्त्यावर, खाली वेल्डिंगचं दुकान, समोर सिग्नल. इथे शांतता राखायचं टेन्शन नाही, हा एक मोठा फायदा. माणसाने प्रत्येक गोष्टीत चांगलं बघावं. नानांना परत पाठवायचं होतं, पण हिने त्यांची पिशवी रिकामी करून माझी भरून दाराशी ठेवली, तेव्हा तो विषय मी बंद केला.
डॉक्टर म्हणतात, घशात दोष नाही. सवय गेली आहे. येईल किंवा येणार नाही.
आज नानांसमोर खुर्ची घेऊन बसलो. म्हटलं, नाना, काहीही बोला. मला शिव्या द्या हवं तर. नानांनी तोंड उघडलं. आणि बोलण्याआधी सावकाश छताकडे पाहिलं.
वर कोणी राहत नाही. गच्ची आहे. मी त्यांना दोनदा सांगितलं.