याकोबच्या वर्कशॉपची झाडलोट

केडगाव, ३ ऑक्टोबर २०२३

प्रिय याकोब यास दयाताईचा सप्रेम सलाम, वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि आलं तरी तू ऐकत नाहीस, म्हणून हे पत्र. रविवारी काष्टीला तुझं वर्कशॉप पाहून डोळ्यांचं पारणं फिटलं. तू उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करतोस असं लोक सांगतात. मला तर त्या गवतात पेरल्यासारख्या वाटल्या. वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात आणि शेजारीच तेलकट चिंध्यांचा ढीग. सैन्यात असतास तर या हिमतीला पदक मिळालं असतं. तुझा आसाराम पाना शोधत होता. माझ्या भावजयीच्या, स्टेलाच्या हातचं जेवून मी निघाले तरी शोधतच होता. तुझ्याकडे तो मिस्त्री आहे की पोलीस?

येत्या शनिवारी माझ्याकडे कामाला येणाऱ्या केशरबाईंना घेऊन येते. तू फक्त बाजूला उभा राहा, तेवढं तुला छान जमतं.

रागावलेली, तरी तुझीच,
दयाताई

काष्टी, २० ऑक्टोबर

प्रिय ताईस, लुटल्या गेलेल्या भावाचा सलाम, वि. वि.

तुम्ही दोघी आलात आणि वर्कशॉपचा दवाखाना करून गेलात. पाने भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले, जॅक दाराशी, चिंध्या झाकणाच्या डब्यात, फाटकापासून शेडपर्यंत मोकळी वाट. गिऱ्हाइकं फाटकातूनच वळतात. त्यांना वाटतं, मी धंदा विकला. आसारामचं काम आता दिवस मावळायच्या आत उरकतं आणि तो घरी जातो. त्याची बायको रतनबाई स्टेलाला विचारत होती की यांना कामावरून काढलं की काय.

लोभ असू दे, झाडू घरीच असू दे.

याकोब

काष्टी, ९ नोव्हेंबर

प्रिय ताईस सलाम.

काल चाक काढलेल्या ट्रॉलीखालचा लाकडी ठोकळा सरकला आणि आसारामचा पाय खाली सापडला. मी धावत जाऊन जॅक आणला, ट्रॉली उचलली. ॲम्ब्युलन्स थेट शेडपर्यंत आली. श्रीगोंद्याचे डॉक्टर म्हणाले की हाड मोडलंय, पण पाय राहील. अजून थोडा वेळ दबून राहिला असता तर सांगता आलं नसतं. शोधाशोध करावी लागली असती तर काय झालं असतं, याचा मी विचार करत नाही. तूही करू नकोस. आणि हे पत्र फ्रेम करून लावू नकोस.

आसाराम उलट मलाच समजावत होता की लई दुखत न्हाई, तुमी रडू नका. मी रडत नव्हतो. हे तू सगळीकडे सांग.

आज सकाळी शेडमधलं रक्त मी स्वतः धुतलं. स्टेला मदतीला आली तर तिला परत पाठवलं. दुपारी पुन्हा धुतलं. तो कुबड्यांवर येईल तेव्हा त्याला तिथे काही दिसता कामा नये. फरशीवर अजून थोडा डाग आहे. तो कशाने जातो, ते तुला माहीत असेल. लवकर कळव.

तुझा राग माझ्यावर असाच राहू दे.

याकोब