गच्चीवरचे लाल लुगडे

रवि. ४ जानेवारी १९८१
नंदू आज पुन्हा वाडीवरून गेला. विमान शिकायला लागल्यापासून धाकट्या भावाचा हा रिवाजच झाला आहे: मुंबईहून उत्तरेकडे जाताना एक घिरटी, परतताना एक. जवळचे अणुवीज केंद्र तेवढे टाळतो. आईने गच्चीवर लाल लुगडे पसरले होते. त्याभोवती तो माडांच्या शेंड्यांशी वळत राहिला. दुसऱ्या वळणात आतला पंख एकाएकी खचला. क्षणभरच. सावरला. आळीने टाळ्या वाजवल्या. त्यांना ती कसरत वाटली. मला नाही.

सोम. ५
बोईसरला शाळेत जाताना एसटीच्या खिडकीतून तळहात बाहेर धरून पाहिला. थोडा तिरका केला की वारा उचलतो. फार तिरका केला की एकदम सोडून देतो. किती सुंदर गोष्ट! नववीला धडा बाजूला ठेवून हेच शिकवले. वळताना पंखावर भार वाढतो, वैमानिक नाक वर ओढतो, वेग घटतो, तिरकेपणा वाढतो आणि हवा पंखाला सोडते. उंचावर असाल तर नाक खाली घालून वेग परत मिळवता येतो.
मुलींच्या बाकावरून प्रश्न: "आणि सर, खाली जागाच नसली तर?"
घंटा झाली.

गुरु. ८
नंदू दुपारपुरता घरी. सगळे ऐकून घेतले. "दादा, तू फळ्यावरचा पायलट! हे मला पहिल्याच महिन्यात शिकवलंय."
"मग वळताना नजर कुठे असते? वेगाच्या काट्यावर की लुगड्यावर?"
हसला. "आईवर."
समुद्रवारा त्याला गच्चीपासून दूर ढकलतो, म्हणून तो वळण आणखी आवळतो. हे त्याला ठाऊक आहे. ठाऊक असणे आणि...
रविवारी येतो म्हणून गेला.

शुक्र. ९
आईला ताटली तिरकी करून पंख कसा खचतो ते दाखवले, भीती न घालता.
"म्हंजे मी लुगडं टाकू नको?" ताटली माझ्या हातातून काढून घेतली. मग, "बरं. नाय टाकत."
ट्रंकेत ठेवले. समाधान.

शनि. १०
समाधान टिकले नाही. लुगडे दिसले नाही तर तो शोधेल. शोधायला आणखी खाली येईल, आणखी हळू. पोस्टातून नंदूला मुंबईला ट्रंक कॉल लावला, लागला नाही.
संध्याकाळी सुचले! खूण एका ठिकाणी आहे म्हणून घिरट्या. खूणच लांब केली तर? तो किनाऱ्यानेच येतो. वाळूवर ओळीने लुगडी, सरळ रेषेत. रेषेवरून सरळच जावे लागेल.

रवि. ११
ओहोटी. आळीतल्या बायकांनी हौसेने लुगडी दिली. आईचे लाल सर्वांत पुढे. नंदू आला, रेषेवरून सरळ गेला, पंख एकदा हलवून दिसेनासा झाला. कुठे वळला नाही! मी वाळूत उड्या मारल्या.
शेजारच्या काकू म्हणाल्या, "मास्तर, तुमी तर त्याची आगगाडी केली!"
आई हसली नाही. "झालं? एवढंच? तोंडबी नाय दिसलं त्याचं."
ओल्या वाळूने लुगडी भिजली होती. भरती चढू लागली म्हणून गोळा करून घरी आणली. आई विहिरीवर धूत बसली, मी पडवीत लिहायला. तो आता परत फिरला असेल. या खेपेस तरी वाडीवर न येता सरळ किना

आई रिकामी बादली घेऊन जिना उतरली.
"कुठे टाकलीस वाळत?"
"गच्चीवर. आनि कुठं?"
"लालसुद्धा?"
"ते काय ओलंच ठेवू?"

काढले तर शोधेल. ठेवले तर वळेल. किनारा आता रिकामा आहे, आणि उत्तरेकडून आवाज