विसणाची खोली

रोल्ला, शारजा. २७ फेब्रुवारी २००२, संध्याकाळ

जॉर्डनहून परतलो. बॅगा तशाच पडल्यात, पण आधी हे लिहिते.

काल रोमन स्नानगृहाच्या अवशेषांत गाईड इंग्रजीत भराभर सांगत होता आणि सासूबाई नुसत्या भिंती बघत होत्या. मी समजावणार, तेवढ्यात ईशा पुढे झाली. शारजात वाढलेली, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी माझी लेक! म्हणाली, "आजी, ही गरम पाण्याची खोली, ती गार पाण्याची. आणि ही मधली, विसणाची."

विसण! हिच्या तोंडी हा शब्द आला कुठून?

आता लक्षात येतंय. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून नळाला कढत पाणी येतं, म्हणून आम्ही गीझर बंद ठेवून त्यात निवलेलं पाणी विसणाला घेतो. "विसण घे गं," मी बाथरूमबाहेरून रोज ओरडते. वाटायचं, कार्टी ऐकतच नाही.

गाईडने विचारलं, विसण म्हणजे काय? ईशाने इंग्रजीत दोन-तीन शब्द जुळवून पाहिले. मग म्हणाली, "सॉरी अंकल, देअर इज नो इंग्लिश वर्ड."

इंग्रजीतच म्हणाली. चालेल. शंभरदा चालेल!