साडूची साडेचार हजारांची पॉलिसी

१४ सप्टेंबर, रविवार

साडेचार हजार! कसं शक्य आहे?

विरूपाक्ष आला होता मुरुडहून. माझा साडू, आरतीच्या थोरल्या बहिणीचा नवरा. इथं नांदेडला काही काम होतं म्हणे. चार वर्षांपूर्वी दसऱ्याला आम्ही दोघांनी एकाच शोरूममधून एकच गाडी घेतली. रंगसुद्धा एकच, पांढरा. दोघांचा विमाही एकाच दिवशी संपतो, १४ ऑक्टोबरला. मी सहज बोललो, मागच्या वर्षी सतरा हजार चारशे गेले, यंदा किती काढतात देव जाणे. तर हा म्हणतो, "माझं झालं की. साडेचारात."

कुठली कंपनी? कोण एजंट? "हाय आपला एक जण" — आणि टीव्हीवर बातम्या लावल्या!

वर एस.टी.नं आला. दारात गाडी असून! आप्पांना, म्हणजे आमच्या सासऱ्यांना कळलं की म्हणतील, "विरूपाक्षाला पैशाची किंमत हाय." मी एस.टी.नं गेलो असतो तर जावई चिक्कू ठरला असता.

आणि माज किती! बाजूला उभा राहून मी चहाचा कप पुढं केला, ढुंकून बघितलं नाही. हात दुखून आला माझा. आरतीनं समोरून दिला, लगेच घेतला!

१५ सप्टेंबर

ऑफिसात लक्ष नाही. दोन रेल्वे पासवर चुकीची तारीख टाकली. साहेब बोलले. डोक्यात एकच — साडेचार, साडेचार.

१८ सप्टेंबर

शेजारच्या टेबलावरच्या लुबना मॅडमनी एक वेबसाइट सांगितली. गाडीचा नंबर टाका, सगळ्या कंपन्यांचे दर समोर. मोबाइल नंबरही टाकला. झालं! जेवणाच्या सुट्टीपासून तेवीस फोन! प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "दुसऱ्यानं किती सांगितलं सर?" आणि मग त्याच्याहून कमी. दुपारी चौदा नऊशे, चार वाजता तेरा दोनशे. शेवटी एक पोरगी म्हणाली, "कुणाला सांगू नका सर, तुमच्यासाठी अकरा आठशे साठ."

बघा! मागच्या वर्षी हेच लोक सतरा घेत होते आणि मी मुकाट्यानं देत होतो. आपसात जुंपली की बरोबर खाली उतरतात. साडेपाच हजार वाचले.

आरतीला सांगितलं. ती म्हणाली, "छान झालं. भरून टाका."

भरून टाका! साडूपेक्षा सात हजार जास्त भरून टाका!

२३ सप्टेंबर

अर्धी रजा टाकून आरटीओला गेलो. बाहेर छत्रीखाली मुज्तबाभाईंचं टेबल असतं. माझी पहिली पॉलिसी त्यांनीच काढलेली. म्हणाले, "थर्ड पार्टी, म्हंजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर, त्याचा दर वरून ठरलेला. कुठंबी जा, एकच. कंपन्या भांडून राहिल्या त्या तुमच्या सोताच्या गाडीच्या भागावर. तिथं लई उतरल्या यंदा. पण अकरा आठशे म्हंजे तळ लागला, साहेब. त्याच्याखाली कुणी दिलं तर कायतरी कापून दिलं समजा."

मग माझा साडू?

"साडेचारात पूर्ण पॉलिसी? न्हाई होत. लिहून देतो."

लिहून काय देता? त्यानं करून दाखवलंय! मुज्तबाभाई माणूस चांगला, पण तो मुरुडचा एजंट ह्यांच्याहून वस्ताद असणार.

२ ऑक्टोबर, दसरा

घरच्या ग्रुपवर विरूपाक्षाच्या गाडीचा फोटो. झेंडूचे हार, मोठ्ठे. मी फोटो मोठा करून करून बघितला. एक ओरखडा नाही! माझ्या गाडीला तीन ओरखडे आणि मागं पोचा. खाली आप्पांचा मेसेज — "गाडी ठेवावी तर विरूपाक्षासारखी."

माझ्या गाडीच्या फोटोला अंगठा. नुसता अंगठा!

आप्पांना गुडघ्यासाठी हैदराबादला कुणी नेलं? दोनदा? मी नेलं. ओरखडे काय घरी बसून पडतात?

आरती म्हणते, "तुम्हाला त्यांच्याबद्दल एवढं का लागतं?" लागतं! हाव, जळतो मी. इथं लिहायला कुणाची भीती?

८ ऑक्टोबर

सहा दिवस उरले. अजून भरले नाहीत. आरती रोज विचारते.

रविवारी आप्पांची पंचाहत्तरी. कुठं? मुरुडला, विरूपाक्षाच्या घरी. अर्थात! तिथं त्या एजंटाचं नाव काढायचंच. त्याच्याकडूनच पॉलिसी घ्यायची आणि आप्पांना सांगायचं, मीसुद्धा साडेचारात केली. चौदा वर्षं झाली लग्नाला. एकदा तरी त्यांच्या तोंडून "शाब्बास रामलिंग" ऐकायचंय. बस, एवढंच.

११ ऑक्टोबर, मुरुड

मांडवासाठी त्याची गाडी बाजूला घ्यायची होती. विरूपाक्षानं चार लोकांत माझ्या हातात चावी दिली. "तुम्हीच घ्या, रामलिंगराव." मी काय ह्याचा ड्रायव्हर?

पण घेतली. वरचं कव्हर काढलं, आत बसलो. तीनदा सेल मारला तेव्हा सुरू झाली. किलोमीटर एकवीस हजार! माझे पंचावन्न झालेत. गाडी लावली आणि समोरचा कप्पा उघडला. कागद वरच होता.

नुसती थर्ड पार्टी!!

स्वतःच्या गाडीसाठी काहीच नाही. उद्या ही झाडावर गेली तर पत्रासुद्धा ह्याच्याच खिशातून. हा व्यवहार! हा शहाणपणा! मुज्तबाभाई, तुमच्या तोंडात साखर पडो. तिथंच, त्याच्याच सीटवर बसून मी माझे अकरा आठशे साठ भरले. इतके खुशीत पैसे आजवर भरले नव्हते.

उद्या पंगतीत बोलणार. आप्पांच्या देखत. हळू नाही, चांगलं मोठ्यानं.

१२ ऑक्टोबर

बोललो. पुरणपोळी वाढत होते तेव्हा. "आप्पा, तुमच्या विरूपाक्षाची गाडी उद्या ठोकली तर एक रुपया मिळणार न्हाई. साडेचार म्हणून सगळ्यांना उल्लू बनवून राहिलेत हे!"

विरूपाक्षानं मान वर केली नाही. म्हणाला, "ठोकायला चालवावी लागती, रामलिंगराव."

मग आरतीच्या बहिणीनं सांगितलं. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. वर्ष झालं, स्टेअरिंगला हात लावलेला नाही. त्या दिवशी नांदेडला डॉक्टरकडंच आला होता. गाडी विकली असती तर आप्पांनी कारण विचारलं असतं, म्हणून ठेवलेली. दोघी बहिणींना माहीत होतं. आप्पांना नव्हतं. त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. पंचाहत्तरीचं जेवण, आणि मी हे केलं.

निघताना विरूपाक्ष फाटकापर्यंत आला. मी त्याच्या डाव्या हाताला, गाडीपाशी उभा. त्यानं निरोपाचा हात सरळ पुढं केला. तिकडं कुणीच नव्हतं.

मी सरकून त्याच्या समोर उभा राहिलो.