रिकामी मिल

प्रिय रेणुका,

पट्ट्याचा तिसरा फटका तुझ्या कानावर बसला तेव्हा मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होते. तू खाली डाळमिलमधल्या वजनकाट्याच्या लोखंडी पाटावर आडवी पडली होतीस. माझ्या पोरानं, संगमेश्वरानं, तुझा डावा हात बुटाखाली दाबून धरला होता. "बोल की आता! गिऱ्हाइकासमोर लई तोंड चालत होतं ना?" असं ओरडत होता. तू उजवा हात माझ्याकडे केलास आणि "आत्या" म्हणालीस. मी धावले. तुझ्या जबानीत तेवढंच आहे: सासूबाई मला सोडवायला धावत आल्या, पुढचं मला आठवत नाही.

तुझ्या सासऱ्यांनी ती जबानी वकिलाकडून आणली आणि मला दोनदा वाचून दाखवली. त्या ओळीचा त्यांना आनंद झालाय. म्हणाले, "बघ, पोरीच्या मनात तुझ्याबद्दल काही न्हाई. आमचा फोन ती उचलत न्हाई, पण तुझं पत्र फेकायची न्हाई. लिही." मग काय लिहायचं तेही त्यांनी सांगितलं. तू जिन्यावरून पडलीस असं म्हणावंस, तक्रार मागं घ्यावीस, लोह्याच्या माहेराहून परत लातूरला यावंस. संगमेश्वर जामिनावर सुटून आल्यापासून जेवला नाही, हेही लिही म्हणाले. तो जेवतो.

माझीही एक जबानी आहे. सून जिन्यावरून पडली, मी वर आडवी झाले होते, मी काही पाहिलं नाही. खाली माझी सही आहे.

हे सगळं मूठभर डाळीवरून झालं. उदगीरचे गुरुबसप्पा माल बघायला आले होते. तू पोत्यात हात घातलास, मूठ त्यांच्यासमोर उघडलीस आणि म्हणालीस, "या तुरीत लाखेची डाळ मिसळलीय. ही डाळ रोज खाल्ली तर माणसाचे पाय जातात." गुरुबसप्पा हसले. "सूनबाई लई शिकलेली दिसते," म्हणाले आणि चहा न घेता गेले. संगमेश्वरानं त्यांची गाडी वळेपर्यंत वाट पाहिली.

तू असं का केलंस ते मला ठाऊक आहे. तू सासऱ्यांचं भाषण ऐकलं होतंस. दर बसव जयंतीला ते तेच भाषण करतात. काम हीच पूजा, तिच्यात खोट नको. तुझ्या वडिलांनी ते नांदेडला ऐकलं आणि याच घरात मुलगी द्यायची असं ठरवलं. चार वर्षांत मी तुला एकदा तरी सांगायला हवं होतं की ते भाषण घराबाहेर जाताना अंगावर घालायचं असतं, इस्त्रीच्या सदऱ्यासारखं.

मीही त्या भाषणावरच आले. सामुदायिक विवाहात आमचं लग्न झालं, हुंडा नाही, बँड नाही. मांडवात तुझे सासरे, महादेवप्पा, बोलायला उभे राहिले तेव्हा बायका रडल्या. मी तर फार रडले. त्यांनी मला कॉलेजात घातलं. संध्याकाळी ते मोठ्यानं वाचत आणि मी ऐकत असे. ती दीड वर्षं खरी होती, रेणुका. ते खोटं नव्हतं, म्हणूनच मी इतकी वर्षं अडकून पडले. मग एका दुपारी पाहुण्यांसमोर मी विचारलं की भाषणात सगळे सारखे, तर मिलमध्ये हमालांचा माठ वेगळा का. पाहुणे गेल्यावर त्यांनी माझी बोटं दाराच्या फटीत धरली आणि दार लावलं. दोन बोटं अजून वाकत नाहीत. माझ्या अक्षराला तू हसायचीस, ते त्यामुळे तसं आहे.

त्या दिवशी माझ्या सासूबाई खाली गेल्या आणि मिल चालू करून आल्या. माल नव्हता, हंगाम नव्हता. मी ओरडले ते मलाच ऐकू आलं नाही. तेव्हापासून आमच्या घरात तो रिवाज पडला. पोटात चार महिन्यांचं मूल होतं ते गेलं, त्या दिवशीही मिल चालू होती. सासूबाई वाईट नव्हत्या. नंतर त्यांनीच मला हळदीचं दूध दिलं, शेक दिला. घरातलं बाहेर जाऊ नये, एवढंच त्यांना समजत होतं.

आपल्याला वाटतं की लोकांना कळत नाही. तूर भरलेली मिल जड आवाजात चालते, मध्येमध्ये अडखळते. रिकामी मिल शिट्टीसारखी पातळ वाजते. गल्लीतल्या पोराटोरांनाही फरक कळतो. आवाज सुरू झाला की गुंडप्पा मुकादम हमालांना "चला रे, चहाला" म्हणून घेऊन जायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी तू मला विचारलंस, "आत्या, हंगाम नसताना मिल का चालवतात?" त्या वेळी माझ्या मधल्या जावेला मार पडत होता. मी म्हटलं, "मशीन तपासून बघतात." तू मान हलवलीस आणि भाजी निवडत बसलीस.

आता तुझ्या जबानीतल्या त्या ओळीबद्दल. मी तुला सोडवायला धावले नव्हते. मिलचा स्टार्टर काट्यामागच्या भिंतीवर आहे आणि तिथं जायला दुसरी वाट नाही. मी तुझा हात ओलांडला आणि हिरवं बटण दाबलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. सासरे त्या दिवशी भोकरला भाषणाला गेले होते. नंतर संगमेश्वरानं तुझे केस धरून डोकं पाटावर दोनदा आपटलं. जबडा पहिल्याच आपटण्यात मोडला. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा तुझे डोळे मिटले होते. मी भिंतीला पाठ लावून उभी होते, बटणापासून हातभर अंतरावर. गुंडप्पा आत आला आणि त्यानं मिल बंद केली. "अव्वा," तो म्हणाला, "मेली का बघा की आधी." त्यानं आणि दोन हमालांनी तुला टेम्पोत घातलं. मी पाटावर पाणी टाकलं.

हे मी कदाचित कधीच लिहिलं नसतं. पण काल तुझ्या आईचा फोन आला. म्हणाल्या, "रेणुका म्हणते, त्या घरात आत्या हायेत, त्या मला मरू द्यायच्या न्हाईत. त्यांच्यासाठी जाईन एकदा." रेणुका, येऊ नकोस. माझ्यासाठी तर मुळीच येऊ नकोस. या घरात तुला वाचवणारं कुणी नव्हतं आणि नाही. तुझ्या जबानीतली ती ओळ खोडून घे. माझी जबानी मी उद्या बदलते.

तुला नको असले तरी तुझीच,
गुरम्मा

ता. क. सकाळी तुझ्या सासऱ्यांनी पत्र वाचायला मागितलं. मी दिलं नाही. त्यांनी दोन थोबाडीत मारल्या, मग संगमेश्वराला हाक मारली. तो खाली येईपर्यंत मी रिक्षात बसले होते. ठाण्यात जबानी लिहून घ्यायला सव्वा तास लागला. आरोपींत संगमेश्वराच्या नावाखाली पोलिसांनी आता माझं नाव घातलं आहे. पत्र रजिस्टर करून पाठवते.